दोनशे बारावा भाग

टीव्हीच्या कार्यक्रमांचं साप्ताहिक ही काही जपून ठेवायची वस्तू नव्हे. सात दिवस ते टीव्हीशेजारी पडून असतं, त्याच्यावर चहाच्या कपांचे गोल उमटतात, कुणीतरी कोपऱ्यात फोन नंबर लिहून ठेवतं आणि आठव्या दिवशी त्याच्यावर बटाटे सोलले जातात. हे तिला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी एकतीस वर्षं तिने त्या बटाट्यांखालच्या दोन ओळी जीव ओतून लिहिल्या.

कचेरीत तिला सगळे 'दोनओळी' म्हणत. तोंडावर बाई, पाठीमागे दोनओळी. तिला हे माहीत आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. तिचं काम सांगायला सोपं. साप्ताहिकात रोजच्या कार्यक्रमांचा तक्ता असतो: वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि त्याखाली आज काय घडणार ते दोन ओळींत. रकाना बोटभर रुंद. बावीस शब्दांपलीकडे एक शब्द गेला की खालची बातमीपत्राची वेळ पुढच्या रकान्यात ढकलली जायची आणि मांडणीवाला वर बघून सुस्कारा टाकायचा.

असे तक्ते भरणारे कचेरीत चौघे होते. पण शुक्रवारी रात्री साडेआठची मालिका 'शेवटची चौकी' फक्त तिची.

ही मालिका तिच्या वाट्याला आली ती कुणालाच नको होती म्हणून. माणसाला ठाऊक असलेल्या आकाशाच्या अगदी कडेला एक पहाऱ्याची चौकी, तिच्यावर सात-आठ माणसं, आणि पलीकडून दर आठवड्याला कुणीतरी किंवा काहीतरी येतं, एवढीच गोष्ट. बाकीचे उपसंपादक नाकं मुरडायचे. "रबरी कानांच्या प्राण्यांवर मी लिहू?" असं नाटकांचं परीक्षण करणाऱ्याने विचारलं होतं. तेव्हाचे संपादक, ज्यांना सगळे मोठे संपादक म्हणत, त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मुद्रितं तपासणाऱ्या नव्या मुलीवर थांबवली. "तुमची रसायनशास्त्राची पदवी आहे ना? मग हे तुमचं."

रसायनशास्त्राचा आणि रबरी कानांचा संबंध काय, हे तिने विचारलं नाही. तिने एकच विचारलं, "भाग आधी बघायला मिळेल?"

खोलीत हशा पिकला. वाहिनीकडून कागद येतो, त्यातलं वाक्य उचलायचं आणि लावायचं, अशी रीत होती. सगळी साप्ताहिकं तेच करत. बघून कोण लिहितं?

ती लिहायची. दर मंगळवारी सकाळी अकराला बसने वाहिनीच्या इमारतीत जायची. तळमजल्यावर एक बिनखिडकीची खोली होती, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात निखळलेला, आणि समोर यंत्र. ते चालवणारा माणूस म्हणजे यंत्रवाले. पहिल्या महिन्यात त्यांनी तिला सांगून बघितलं, "बाई, कशाला एवढ्या लांब येता? कागद मीच वाचून दाखवतो की फोनवर." ती म्हणाली, "जेवणाचं वर्णन ऐकून पोट भरतं का तुमचं?" त्यानंतर यंत्रवाले तिच्यासाठी बिननिखळलेली खुर्ची पुसून ठेवू लागले.

तिचे नियम तीन. न पाहता लिहायचं नाही. शेवट सांगायचा नाही. आणि 'रोमांचक', 'थरारक' असले शब्द वापरायचे नाहीत. "थरार असला तर त्यांचा त्यांना कळेल," ती म्हणायची. "मी कोण आधी थरथरणार?"

एका ग्रंथालयाने जुनी कार्डांची कपाटं मोडीत काढली तेव्हा तिने चार लाकडी खण घरी आणले. प्रत्येक भागाचं एक कार्ड. पुढच्या बाजूला क्रमांक, तारीख, छापलेल्या दोन ओळी. मागच्या बाजूला स्वतःचं मत, जे कुणाला दाखवायचं नव्हतं. 'चौकीप्रमुखाला रडता येत नाही. पुन्हा रडवू नये.' 'पूल पुठ्ठ्याचा आहे हे दिसलं, तरी तो कोसळताना मी खुर्चीचा हात धरला. (नव्हता.)' अशी.

वर्षाला सोळाएक भाग येत. मध्ये एखादं वर्ष कोरडं जायचं, पुन्हा यायचे. मालिकेचे दिग्दर्शक बदलले, वाहिनीचे मालक दोनदा बदलले, एका स्थलांतरात वाहिनीची जुनी दप्तरं कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. मग वाहिनीतली मुलगी बिनदिक्कत तिलाच फोन करायची, "बाई, आपला मागचा भाग कितवा झाला हो?" ती खण न उघडता आकडा सांगायची. 'आपला' म्हणायच्या त्या मुली, आणि ते ऐकून ती फोन ठेवताना जरा ताठ बसायची.

आणि तिच्या सगळ्या दोन ओळींमध्ये मानाचं पान होतं दोनशे बाराव्या भागाचं:

'चौकीवर एक प्रवासी येतो. त्याला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत. स्वतःचं मात्र तो प्रत्येक दारावर विचारत फिरतो.'

या ओळी मालिकेच्या चाहत्यांना तोंडपाठ होत्या. त्यांच्या वार्षिक मेळाव्यात त्या छातीवर छापलेले सदरे विकले जात. मोठ्या संपादकांनी तर त्या चौकटीत घालून आपल्या टेबलामागे टांगल्या होत्या. ते गेले, खुर्चीवर त्यांचा मुलगा आला, चौकट तिथेच राहिली.

हा मुलगा म्हणजे छोटे संपादक. शाळेची सुट्टी लागली की तो कचेरीत येऊन तिच्या टेबलाखाली चित्रं काढत बसायचा, त्यामुळे चारचौघांत तो तिला बाई म्हणे आणि एरवी मावशी. ती त्याला एकेरीत 'छोटे' म्हणायची, आणि चारचौघांत काहीच म्हणायची नाही.

तिच्या निवृत्तीला एक महिना उरला तेव्हा त्याने तिला बोलावलं. चौकीचा पाचशेवा भाग येत होता. साप्ताहिकाचा खास अंक, मुखपृष्ठावर भला मोठा पाचशेचा आकडा, चौकीप्रमुखाचं काम करणाऱ्या नटाची मुलाखत, आणि पहिल्यापासूनच्या सगळ्या भागांची यादी. वाहिनी त्या दिवशी मोठा समारंभ करणार होती. "आणि हे पान तुमचं," त्याने कच्चा आराखडा पुढे सरकवला. वर मथळा होता: 'एकतीस वर्षं, एकही चूक नाही'.

"फार होतंय," ती म्हणाली. पण तो आराखडा तिने पिशवीत ठेवला आणि बसमध्ये दोनदा काढून बघितला.

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून तिने चारही खण मांडले. तिचे यजमान भूगोलाचे निवृत्त मास्तर. एकतीस वर्षांत त्यांनी चौकीचा एक भाग पाहिला नव्हता. 'ज्या जागेचा नकाशा नाही तिथलं मला काय कळणार' ही त्यांची भूमिका. पण वाचून दाखवायला ते तयार झाले. ते कार्ड उचलून क्रमांक आणि तारीख म्हणत, ती यादीवर खूण करी. आणि मास्तर असल्यामुळे ते प्रत्येक कार्ड उलटून मागचंही वाचत.

"'वैद्यबाईंचं लग्न लावायची इतकी घाई का?'" मास्तर हसले. "मोठी आलीस सासू."

"पुढचं घ्या."

"दोनशे अकरा. 'आवाज फार. गोष्ट बारीक.' दोनशे बारा." ते थांबले. "मागे काही नाही."

"नीट बघा."

"दोन डोळे आहेत मला. कोरं आहे."

तिने हात पुढे केला. कार्डाची मागची बाजू स्वच्छ पांढरी होती. सगळ्या कार्डांत ती एकच. ती कार्डाकडे बघत राहिली आणि सतरा वर्षांपूर्वीचा तो मंगळवार हळूहळू समोर आला. लेकीला कांजिण्या. अंगभर फोड, खाजवू नये म्हणून हातात मोजे. मास्तर परीक्षेच्या कामाला परगावी. तिने यंत्रवाल्यांना फोन केला होता. "भाग अजून आला नाही बाई," ते म्हणाले होते, "पण कागद आलाय. वाचू?" आणि तिने पेन्सिल उचलली होती.

न पाहता लिहिलं होतं. एकदाच. आणि त्याच ओळी चौकटीत जाऊन बसल्या होत्या.

"म्हणजे तो भाग तू पाहिलाच नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"त्या शुक्रवारी टीव्ही लावलाच नव्हता. पोरीच्या डोळ्यांना उजेड सहन होत नव्हता."

"मग एवढंच ना. बघितला नसशील. झाला तर असेल."

तिने पेनाचं टोपण काढलं. कोऱ्या बाजूवर लिहायला काय लागतं? 'प्रवाशाचं काम उत्तम.' तीन शब्द. मत तिचं, कार्ड तिचं, घर तिचं. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले, मुद्दाम. थोड्या वेळाने तिने टोपण लावलं आणि म्हणाली, "उद्या ग्रंथालयात जाऊन येते."

ग्रंथालयात त्या तारखेची वर्तमानपत्रं होती. त्या शुक्रवारी निवडणुकीची मतमोजणी होती. वाहिनीने संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत दुसरं काहीही दाखवलं नव्हतं. साप्ताहिक त्याच्या आठवडाभर आधीच छापून झालं होतं. तिने कागद दुमडले आणि तशीच यंत्रवाल्यांकडे गेली. ते आता मुलाकडे राहत, शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून शिवणयंत्रांची घरघर, वर ते कानाला हात लावून ऐकत.

"तो भाग?" ते म्हणाले. "तो झालाच नाही की. प्रवाशाचं काम करणाऱ्याने पाय मोडून घेतला चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी. मग ती गोष्टच बारगळली. पुढच्या आठवड्याला दुसराच भाग आला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमची पोर आजारी. म्हटलं, आल्यावर सांगू. मग राहून गेलं." त्यांनी बारीक डोळे करून तिच्याकडे बघितलं. "काही बिघडलं का?"

काय बिघडलं होतं ते तिला परतीच्या बसमध्ये एकेक करून दिसत गेलं. पुढच्या आठवड्यात वाहिनीच्या मुलीने फोन केला असणार: बाई, मागचा कितवा? तिने सांगितलं असणार: दोनशे बारा. आणि त्या दिवसापासून वाहिनी, चाहते, पुस्तकं, सगळे तिच्या बोटाला धरून एक आकडा पुढे चालत होते. ज्याला सगळे पाचशेवा म्हणत होते तो चारशे नव्व्याण्णवावा होता.

बुधवारी सकाळी ती छोट्या संपादकाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भिंतीवर मुखपृष्ठाचा नमुना टाचलेला होता, सोनेरी पाचशे. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. तिला आडवळणाने बोलता येत नसे.

तो म्हणाला, "मावशी, तो भाग लोकांनी पाहिलाय. आपल्याकडे पत्रं आहेत. प्रवाशाचा कोट निळा होता असं एकाने लिहिलं होतं, आठवतं?"

"निळा होता, करडा होता आणि एकीच्या मते कोटच नव्हता. तेव्हाच शंका यायला हवी होती मला."

"अहो, चौकीप्रमुखाने मुलाखतीत सांगितलंय. प्रवाशाबरोबरचा प्रसंग करताना आपल्याला खरंच रडू आलं म्हणून. त्याला स्वतःला आठवतंय."

"त्याला मी लिहिलेलं आठवतंय. आणि त्याला रडता येत नाही."

छोट्या संपादकाला हसू आलं, ते त्याने दाबलं. "अंक उद्या छापायला जातो. वाहिनीने समारंभाचं बोलावणं सगळीकडे धाडलंय. सतरा वर्षं कुणाला कळलं नाही, अजून सतरा वर्षं कळणार नाही. झाकली मूठ राहू द्या ना."

"मुठीत काय आहे ते मला ठाऊक आहे."

"तुमच्या पानाचा मथळा काय आहे, बघितलात ना? एकही चूक नाही. आणि त्याच अंकात आपण सांगायचं, की सगळ्यात मोठी चूक बाईंचीच? तुमच्या शेवटच्या अंकात? मला नाही जमायचं हे."

आता कुठे खरं दुखणं बाहेर आलं. त्याला वाहिनीची काळजी होती, पण त्याहून तिची जास्त होती. ती खुर्ची ओढून बसली.

"छोटे, इकडे बघ. मी रोज ज्या ओळी लिहिल्या त्या लोकांनी का वाचल्या? सुंदर होत्या म्हणून? इतर साप्ताहिकांतही सुंदर लिहितात. आपल्या अंकात ते लिहिलंय म्हणजे ते साडेआठला दिसणार, एवढ्यासाठी वाचल्या. ती एकच गोष्ट आहे आपल्याकडे. ती गेली तर उरले ते बटाटे."

"आणि मथळा?"

"बदल. 'एक चूक' असं लिही. आकडा खरा होईल."

त्याने वळून मागच्या चौकटीकडे बघितलं. वडिलांनी स्वतःच्या हाताने ठोकलेला खिळा, त्यावर त्या दोन ओळी. "बाबांना काय वाटलं असतं?"

"त्यांनी आधी मला झापलं असतं. मग मुखपृष्ठ बदललं असतं."

"पाचशे काढून काय घालू तिथे?"

"चारशे नव्व्याण्णव."

"मावशी, चारशे नव्व्याण्णवचा अंक कोण विकत घेतं?"

"जे मोजतात ते. आपले वाचक दुसरे कोण आहेत असं वाटत होतं तुला?"

पुढचे दोन दिवस कचेरीत कुणी धड जेवलं नाही. वाहिनीच्या व्यवस्थापकाने फोनवर आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, मग 'तुमचा पुरावा काय' असं विचारलं, तिने वर्तमानपत्राची तारीख सांगितली आणि विचारलं, "तुमचा?" त्यांच्याकडे साप्ताहिकाच्या जुन्या अंकांखेरीज काहीच नव्हतं. मांडणीवाल्याने यादी पुन्हा लावली, दोनशे बारापासून पुढे प्रत्येक क्रमांक एकाने मागे, आणि एकदाही सुस्कारा टाकला नाही. चौकीप्रमुखाची मुलाखत तशीच ठेवली. तिच्या खाली दोन ओळी आल्या: 'मुलाखतीतला प्रवाशाचा प्रसंग चित्रित झालेला नाही. दोष सांगणाऱ्यांचा नाही. आम्ही तो छापला होता.'

आणि यादीत दोनशे अकरा आणि नव्या दोनशे बाराच्या मध्ये, बिनक्रमांकाच्या रिकाम्या जागेत, तिने लिहिलं: 'हा भाग झाला नाही. त्याच्या दोन ओळी मी न पाहता लिहिल्या होत्या.' एकतीस वर्षांत रकान्यात 'मी' पहिल्यांदाच आला.

मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत चारशे नव्व्याण्णव होतं आणि खाली, 'पाचशेवा पुढच्या शुक्रवारी. आम्ही पुन्हा मोजले.' अंक शनिवारी दुपारपर्यंत संपला. विक्रेते कचेरीत फोन करून शिल्लक मागत होते. वाहिनीच्या व्यवस्थापकाने समारंभ आठवडाभर पुढे ढकलला आणि सोमवारी जरा पडेल आवाजात विचारलं, बाईंचे ते खण आमच्या लोकांना उतरवून घ्यायला मिळतील का? "पुढची बाजू मिळेल," तिने कळवलं.

पत्रांचा ढीग आला. काहींनी ठणकावून लिहिलं होतं, की आम्ही तो भाग पाहिलाय, तुम्हाला काय माहीत. त्यांना तिने उत्तर दिलं नाही. एक पत्र मात्र तिने वेगळं काढलं. एका परिचारिकेचं होतं. तिने लिहिलं होतं, की त्या शुक्रवारी मी पाळीवरून धावत घरी आले आणि साडेआठला टीव्हीसमोर बसले, तर मतमोजणी. मेळाव्यात सांगितलं तर सगळे हसले. नवरा म्हणाला तू झोपली असशील. कागदावर छापलंय, म्हणजे झालाच असणार. सतरा वर्षांनी शेवटी मलाच वाटू लागलं होतं, की मी झोपले होते. काल तुमचा अंक नवऱ्याच्या ताटाशेजारी उघडून ठेवला.

हे पत्र छोट्या संपादकाने वाचलं. मग खुर्चीवर चढून त्याने भिंतीवरची चौकट उतरवली, जुन्या ओळींखाली तिच्या नव्या दोन ओळी चिकटवल्या आणि पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. ती दारातून बघत होती. "तिरकी झालीय," ती म्हणाली, आणि जाऊन सरळ केली.

मंगळवारी सकाळी अकराला ती वाहिनीच्या इमारतीत शेवटचं गेली. खोलीत आता नवं यंत्र होतं आणि दोन्ही खुर्च्यांना हात होते. तिने पाचशेवा भाग पाहिला, नीट, श्रेयनामावली संपेपर्यंत. कचेरीत येऊन बावीस शब्दांत बसवला. घरी येऊन कार्ड लिहिलं, पुढची बाजू आणि मागचीही. मागच्या बाजूला इतकं लिहिलं की अक्षर बारीक करावं लागलं.

स्वयंपाकघरात मास्तर बटाटे सोलत बसले होते, खाली दुसऱ्या कुठल्यातरी साप्ताहिकाचा कागद. चारशे नव्व्याण्णवचा अंक त्यांनी नकाशांच्या कपाटात, जगाच्या नकाशाखाली सपाट करून ठेवला होता, हे तिला नंतर कळलं.

"कसा होता पाचशेवा?" त्यांनी विचारलं.

"होता."

"आता नोकरी संपली तुझी. आता तरी सांग, शेवटी काय होतं?"

तिने खण आत ढकलला, हात धुतले आणि दुसरी सुरी घेतली.

"शुक्रवारी. साडेआठला."

मास्तरांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "बरं," ते म्हणाले, "माझी खुर्ची कुठली?"